पौषातला हिरवा फोटो

पलंगावरची चादर डिंपलने सकाळपासून सातव्यांदा झटकून अंथरली आणि दारात उभं राहून फोनमधून खोलीकडे पाहिलं. खोली होती तशीच दिसली. म्हणजे संत्र्याचे क्रेट ठेवायची खोली, जिला रंग मारून आत एक पलंग सारला आहे. नुसत्या डोळ्यांनी पाहिलं तर खोली चांगली होती. खिडकीतून ऊन यायचं, बाहेर विहीर दिसायची. पण फोन मोठा चहाडखोर. भिंतीवरचा ओलीचा डाग, छताजवळची लोंबती वायर, पलंगाखाली सारलेला फवारणीचा पंप, तो आधी नेमकं तेच दाखवायचा.

तिने पंप ओढून बाहेर नेला आणि चादर आठव्यांदा अंथरली.

सौंसरहून छिंदवाड्याच्या रस्त्याने निघालं की रामाकोन्याच्या अलीकडे केशवरावांचा संत्र्याचा बगीचा लागतो. सहा एकर काळी जमीन, मधोमध विहीर आणि विहिरीजवळ ही दोन खोल्यांची इमारत. इमारत हा केशवरावांचा शब्द. बांधली तेव्हा ती मालासाठी आणि राखणदारासाठी होती. तीन वर्षांपूर्वी त्यांची मुलगी डिंपल त्यात राहायला आली, आणि आता तिला तिथे पाहुणे आणायचे होते. शहरातले, सुट्टीवर आलेले, पैसे देऊन राहणारे पाहुणे. त्यासाठी एका बुकिंगच्या कंपनीच्या साइटवर घर टाकायचं होतं, आणि साइटवर घर टाकायचं तर फोटो हवे होते. फोटो चांगले आले नाहीत तर काय होणार, हे तिला पक्कं ठाऊक होतं. तिचं लग्न होणार होतं.

हसू नका. बत्तीस वर्षांच्या बाईला लग्नाची भीती वाटू शकते. विशेषतः ते एकदा करून झालं असेल तर.

पांढुर्ण्याला तिचं सासर होतं. नवरा वाईट नव्हता. तो नुसताच नव्हता, घरात असून नसल्यासारखा. कपड्याच्या दुकानातून आला की जेवायचा आणि आईच्या खोलीत टीव्ही पाहत बसायचा. त्या घरात डिंपलच्या खोलीला आतून कडीच नव्हती. पहिल्याच महिन्यात तिने विचारलं तेव्हा सासू म्हणाली, "आपल्याच घरात कोनापासून लपाचं हाय?" सासू, नणंद, चुलतसासरे, ज्याला वाटेल तो वाटेल तेव्हा दार ढकलून आत यायचा. कपडे बदलताना डिंपल दाराला पाठ लावून उभी राहायची. मूल का होत नाही, याची चौकशी करणारेही असेच दार ढकलून यायचे. चार वर्षं तिने हे काढलं आणि मग फारकत घेऊन सौंसरला आली. भाऊ राजू आणि पूनम वहिनी यांच्या घरात चार महिने राहिली, आणि एक दिवस पिशवी भरून बगीच्यात आली. खोलीला आतून कडी घातली आणि नऊ तास झोपली. तिच्या सगळ्या आयुष्यातली सुखाची गोष्ट विचाराल तर ती एवढीच होती.

आता मुलताईचं स्थळ आलं होतं. सेहेचाळीस वर्षांचा माणूस, बायको वारलेली, दोन मुली, कृषी केंद्राचं दुकान. घरात आई, दोन भाऊ, भावजया. माणूस चांगला आहे, असं सगळे सांगत होते. पहिल्या लग्नाच्या वेळी लोक शेती सांगतात, पगार सांगतात, घर किती माळ्याचं ते सांगतात. दुसऱ्या वेळी नुसतं एवढंच, माणूस चांगला आहे.

मार्गशीर्षातल्या शेवटच्या गुरुवारी सौंसरच्या घरी जेवणं झाल्यावर केशवरावांनी विषय काढला.

"बाबा, मले नाही कराचं लग्न," डिंपल म्हणाली.

"मंग काय करशीन? जन्मभर बगीच्यात एकटी रायशीन? मी आज हाय, उद्या नाही. लोक काय म्हणते ते तुले ऐकू नाही येत. मले येते."

"मी तिथं पाहुण्यांसाठी खोल्या काढून राहिली. नागपूरचे लोक जामसावळीले दर्शनाले येते, पेंचले जाते. एखादा मुक्काम आपल्याकडं करतीन. चार पैसे मिळतीन, माणसांची ये-जा रायीन. एकटी कायची मग?"

राजू हसला. "तुह्या त्या क्रेटच्या खोलीत कोन येते झोपाले?"

केशवराव मात्र हसले नाहीत. ते शब्दाचे पक्के म्हणून सौंसरच्या बाजारात त्यांचा मान होता, आणि असा माणूस घरातही व्यवहारच करतो. ते म्हणाले, "आता पूस लागून राहिला. पुसात पाहुणे येत नाही, मुलताईवालेही येनार नाही. पूस संपला की ते येतीन. तवर एक जरी बुकिंग आलं, खरं, परक्या मानसाचं, तं मी त्याईले नाही म्हनतो. नाही आलं तं तू मुकाट्यानं पाटावर बसशीन. कबूल?"

पौषात लग्नाचं बोलणं करत नाहीत, ही रीत डिंपलला जन्मात पहिल्यांदा गोड वाटली. अमावास्येपर्यंत जेमतेम महिनाभर हातात होता. ती "कबूल" म्हणाली आणि सकाळच्या पहिल्या बसने बगीच्यात परत आली.

आता अडचण काय होती ती सांगितली पाहिजे, कारण ती फक्त संत्रावाल्यांनाच येऊ शकते. शहरातल्या माणसाला वाटतं, संत्र्याचा बगीचा म्हणजे बारा महिने हिरवागार, पानोपानी संत्री लटकलेली. तसं नसतं. माल तोडून झाला की झाडांचं पाणी बंद करतात. याला झाडं ताणावर सोडणं म्हणतात. काळ्या जमिनीत पन्नास दिवस थेंब द्यायचा नाही. झाड सुकतं, पानं वळतात, पिवळी पडून गळतात. मरायला टेकल्यासारखं झालं की मग पाणी सोडायचं, आणि जीव वाचलेलं झाड अंगभर फुलतं. त्या फुलांचा पुढच्या साली माल होतो. मध्येच पाणी मिळालं तर झाडाला फुलायची गरजच वाटत नाही. ते नुसती कोवळी पानं काढतं आणि मजेत राहतं. वर्षाचा बहार गेला.

केशवरावांचं याबाबतीत एक व्रतच होतं. झाडं ताणावर असली की ते बगीच्यात पाऊल टाकत नसत. म्हणायचे, "ताणावरच्या झाडाकडं मालकानं पाहू नये. दया येते, अन् हात पान्याच्या कॉककडं जाते." पन्नास दिवस ते सौंसरच्या घरी ओसरीवर बसून राहायचे आणि पन्नासाव्या दिवशी नारळ घेऊन यायचे. यंदा पाणी बंद करून तेवीस दिवस झाले होते. पन्नासावा दिवस पडत होता तो थेट पौषाच्या शेवटी. म्हणजे डिंपलला जेव्हा हिरवं दिसायला हवं होतं, नेमकं तेव्हाच झाडं मरायला टेकलेली असणार होती.

पहिले फोटो तिने स्वतःच्या फोनवर काढले. खोली आतून, खोली बाहेरून, व्हरांड्यात बाज, बाजेवर गोधडी, गोधडीवर पितळी तांब्या. वीस फोटो काढून तिने साइटवर टाकले. दुसऱ्या दिवशी कंपनीच्या श्रुती मॅडमचा पुण्याहून फोन आला. आवाज अगदी गोड होता.

"मॅम, रूम्स क्यूट आहेत. पण तुम्ही नाव दिलंय ऑरेंज ऑर्चर्ड स्टे, आणि बाहेरच्या फोटोत सगळं सुकलेलं दिसतंय. गेस्टना ग्रीनरी हवी असते. एकदम व्हायब्रंट. बाहेरचे फोटो बदला, मग आपण लाइव्ह करू."

"मॅडम, झाडं ताणावर आहेत."

"सॉरी?"

डिंपलने समजावून सांगायला सुरुवात केली आणि दोन वाक्यांत थांबली. पुण्यातल्या पोरीला ताण काय समजावणार? तिला तर हिरवं हवं होतं.

ती सौंसरला गेली आणि संदीपला गाठलं. संदीपचा बसस्टँडजवळ फोटो स्टुडिओ होता. पंचक्रोशीतली लग्नं तोच काढायचा, आणि पौषात लग्नं नसल्यामुळे माशा मारत बसला होता. तो दोन कॅमेरे, एक छत्री आणि एक ड्रोन घेऊन आला आणि घराचे फोटो त्याने नवरीचे काढतात तसे काढले. खिडकीला झेंडूची माळ घातली, दाराला ओढणी बांधली. पलंगावर गुलाबाच्या पाकळ्या पसरायच्या होत्या, पण डिंपलने झाडूच दाखवला म्हणून तो थांबला.

"ताई, घर मस्त येऊन राहिलं," तो कॅमेऱ्यात पाहत म्हणाला. "पण मागं जिकडं पाहावं तिकडं हे झाडं. निरा दवाखान्यातले पेशंट उभे केल्यासारखे."

"त्याईले टाळून काढ नं."

"कसं टाळू? घर त्याच्या मधातच हाय. असू द्या, कम्प्युटरवर हिरवे करून देतो."

त्याने ते खरंच हिरवे करून दिले. झाडं हिरवी झाली, जमीन हिरवी झाली, विहिरीचा काठ हिरवा झाला, आणि व्हरांड्यात झोपलेलं रामाजी गड्याचं कुत्रंसुद्धा पोपटासारखं झालं. डिंपलला हसूही येईना आणि रडूही. तरी बुडत्याला काडीचा आधार म्हणून तिने फोटोतलं कुत्रं कापून ते पाठवून दिले. संध्याकाळी मेसेज आला. फिल्टर लावलेले फोटो चालणार नाहीत. गेस्टची फसवणूक होते. एकदा नाकारले आहेत, दुसऱ्यांदा नाकारले गेले तर अर्ज तीन महिन्यांसाठी बंद होईल.

तीन महिने! तीन महिन्यांत तर मुलताईच्या घरात तिच्या हातच्या पोळ्यांवर चर्चा सुरू झाली असती.

त्या आठवड्यात ती तीनदा बापाशी बोलली. एकदा फोनवर सांगितलं, "बाबा, मले खरंच नाही जायचं." केशवराव म्हणाले, "झोप आता, सकाळी बोलू," आणि सकाळी बोलले नाहीत. दुसऱ्यांदा घरची वांगी घेऊन सौंसरला गेली आणि ओसरीवर त्यांच्या पायाशी बसून तेच म्हणाली. ते पेपर वाचत होते. त्यांनी पान उलटलं. तिसऱ्यांदा गेली तेव्हा राजू आणि पूनम वहिनी समोर होते. मुलताईवाल्यांना जेवायला काय करायचं, याची यादी चालली होती.

"बाबा, माहं ऐकून घ्या," ती म्हणाली. स्वतःचा आवाज तिला अनोळखी वाटला. "मी हात जोडते. तिथं सासू हाय, दोन जावा हाय, दोन पोरी हाय. त्या घरात मी पुन्हा नाही जगू शकत. मी मरून जाईन."

"मरनं-बिरनं असं बोलू नये पुसात," पूनम म्हणाली. वाईट नव्हती ती. तिला खरंच अभद्र वाटलं.

केशवरावांनी यादीवरून नजर काढली, मुलीकडे पाहिलं, आणि पुन्हा यादीकडे वळले. "पाहू," ते म्हणाले. "शब्द झाला हाय आपला. बुकिंग आन, विषय संपला."

बसमध्ये ती खिडकीशी बसली. बाहेर कोणाकोणाचे बगीचे जात होते, सगळेच ताणावर, सगळेच पिवळे. आता कोणी येणार नाही, आपल्याला कोणीही वाचवणार नाही, ही गोष्ट तिला त्या बसमध्ये इतकी स्वच्छ कळली की तिचं रडणंच थांबलं.

दुसऱ्या दिवशी अकरा वाजता विजेची लाइन आली. डिंपलने विहिरीवरचा स्टार्टर दाबला आणि घरासमोरच्या सहा ओळींचा कॉक फिरवला. सहाच ओळी. व्हरांड्यातून जेवढं दिसतं तेवढंच. एकशे आठ झाडं. तिने ती आदल्या संध्याकाळी मोजून ठेवली होती, आणि मोजताना प्रत्येक बुंध्याला हात लावला होता. ताणाचा तो बत्तिसावा दिवस होता.

मोटरचा आवाज ऐकून रामाजी धावत आला. तो केशवरावांकडे चोवीस वर्षांपासून होता आणि बायकोबरोबर विहिरीपलीकडच्या झोपडीत राहायचा.

"बाई! काय करून राहिली?"

"पानी सोडून राहिली."

"अवं ताण मोडते नं! आखीन अठरा दिवस रायले!"

"मालूम हाय मले."

"मालूम हाय अन् तरी?" रामाजीने कॉककडे हात नेला. डिंपल मध्ये उभी राहिली. ती ओरडली नाही, काही नाही, नुसती उभी राहिली. रामाजीने तिच्या तोंडाकडे पाहिलं आणि त्याचा हात खाली आला.

"मी मालकाले सांगीन," तो म्हणाला.

"सांगा, रामाजीकाका."

त्याने सांगितलं नाही. तो झोपडीसमोर जाऊन बगीच्याकडे पाठ करून बसला, आणि मोटर चालू होती तोवर तसाच बसून राहिला.

काळी माती पाणी प्यायला लागली तेव्हा जो वास सुटला त्याने डिंपलचा जीव कासावीस झाला. शेतकऱ्याच्या पोरीला त्या वासाचा आनंद होतो, तिलाही झाला, आणि त्या आनंदाची तिला लाज वाटली. आपण काय करतो आहोत हे तिला नीट कळत होतं. शहरातल्या कोणी हे अजाणतेपणी केलं असतं तर त्याला माफी होती. तिला नव्हती. लहानपणी ताणाच्या दिवसांत तिने रोपट्याला लोटाभर पाणी घातलं म्हणून याच बापाने तिला आयुष्यातली एकुलती एक थापड मारली होती.

तिसऱ्या दिवशी वळलेली पानं उघडली. पाचव्या दिवशी झाडं धुतल्यासारखी दिसायला लागली. सातव्या दिवशी तिने संदीपला बोलावलं, आणि या वेळी त्याला माळाबिळा घालू दिल्या नाहीत. तो व्हरांड्यासमोर आला आणि उभाच राहिला.

"बाप्पा! ताई, हे काय केलं? बाकी सगळा बगीचा पिवळा, अन् हा एवढाच तुकडा?"

"तू फोटो काढ. तेवढंच घे चौकटीत. बाजूचं एक पान दिसू नको देऊ."

संदीपने खूप मेहनत घेतली, हे त्याच्या बाजूने सांगायला हवं. सकाळचं तिरपं ऊन होतं. पांढरी भिंत, उघडी खिडकी, खिडकीतून हिरवा बगीचा. बाज, गोधडी, मागे हिरवा बगीचा. विहिरीचा दगडी काठ आणि हिरवा बगीचा. कोणाच्याही मनात यावं की इथे जावं, दोन दिवस पाय पसरून पडावं. फोटो पाहताना क्षणभर डिंपललाही वाटलं की हे घर कोणाचं आहे कोण जाणे, फार सुखाचं असणार. संदीप गेला तसा तिने कॉक बंद केला. पुन्हा उघडायची हिंमत झाली नाही. चोरी लपवायची म्हणून की आता पुरे म्हणून, ते तिलाही सांगता आलं नसतं.

"मॅम, हेच तर हवं होतं!" श्रुती मॅडम फोनवर जवळजवळ नाचली. "किती फ्रेश! तुम्ही आधीच असे का नाही पाठवले?"

दुपारी घर साइटवर लागलं. मग दिवस जायला लागले आणि काहीच येईना. डिंपल फोन उशाशी घ्यायची, विहिरीवर न्यायची, भाकरी थापताना परातीशेजारी ठेवायची. संक्रांत आली आणि गेली. राजूचा फोन आला, मुलताईवाले अमावास्येनंतर दोन दिवसांनी येतात, साडी कोणती नेसशील ते वहिनीला सांग. तिने फोन ठेवला आणि भाकरी तव्यावर जळून गेली.

अमावास्येच्या आदल्या दिवशी दुपारी फोन वाजला. नागपूरचं कुटुंब, नवरा-बायको आणि दोन मुलं, सव्वीस जानेवारीच्या सुट्टीत दोन रात्री. पैसे भरलेले होते. खाली निरोप होता, 'फोटो खूप आवडले. मुलांना ती हिरवी झाडं बघायची आहेत.'

डिंपलने तो निरोप सहा वेळा वाचला. मग ती धावत बाहेर आली, कोणाला तरी सांगायला, आणि बाहेर कोणी नव्हतं. समोर एकशे आठ झाडं होती. तिने फांदी खाली ओढली. शेंड्याशेंड्याला नवती फुटली होती, पोपटी, मऊ, लुसलुशीत पानं. दुसरी फांदी ओढली, तिसरी. कुठेही कळी नव्हती. पाण्याविना पडलेल्या त्या कोवळ्या नवतीच्या कडा आता करपायलाही लागल्या होत्या. ती तिथेच मातीत बसली आणि मोठ्याने रडली. रामाजीची बायको झोपडीतून बाहेर आली, पाहिलं, आणि आत गेली.

अमावास्येला सकाळी बसची वाट न पाहता ती स्कूटीवर सौंसरला पोहोचली. केशवराव ओसरीवर होते, राजू दुकानाला निघायच्या तयारीत होता, पूनम आत चहा करत होती.

"बाबा, बुकिंग आलं." तिने फोन पुढे केला. "नागपूरचे लोक हाय. पैसे भरले त्याईनं. पूस आज संपते. मी शब्द पाळला."

राजूने फोन घेतला, वाचला आणि त्याचा चेहरा उतरला. "हाव बाबा, खरंच हाय."

केशवरावांच्या चेहऱ्यावर हळूहळू हसू आलं. खरं सांगायचं तर त्यांना आनंदच झाला. त्यांनी चष्मा लावला आणि फोन हातात घेतला. "दाखव बरं, काय पाहून येऊन राहिले हे लोक." खोलीचा फोटो आला. "आपली क्रेटची खोली? वा!" बाजेचा फोटो आला. "वा वा. पूनम, पाय इकडं." मग विहिरीचा फोटो आला. राजूच्या पोराने शिकवलं होतं तसं त्यांनी दोन बोटांनी फोटो मोठा केला. आणखी मोठा केला. आता पडद्यावर विहीर नव्हती, घर नव्हतं, फक्त एका फांदीची पानं होती.

डिंपलला पळून जावंसं वाटलं. मुलगी, मुलगा, सून, दोन्ही मुलांची शाळा, हे घर, सगळं त्यांनी ज्या पानांकडे पाहून उभं केलं होतं ती पानं त्यांना वाचायला वेळ लागणार नव्हता.

"फोटो कधीचा हाय?"

"पाच तारखेचा."

केशवरावांनी बोटांवर दिवस मोजले. "पानी सोडलं," ते म्हणाले.

"काय?" राजू ताडकन उठला. "ताणात पानी सोडलं? अवं, येडी झाली काय तू? एका फोटोपायी बहार मोडला? बाबा, पाहून घ्या, हिले एकटी ठेवल्याचा हा..."

"तू चूप बस," केशवराव म्हणाले. त्यांनी डिंपलकडे पाहिलं नाही. "किती वळी?"

"समोरच्या सहा. एकशे आठ झाडं."

"नवती फुटली?"

"हो."

"फूल?"

"नाही, बाबा."

त्यांनी फोन मांडीवर उलटा ठेवला. आत चहा उतू गेल्याचा वास आला आणि पूनमने गॅस बंद केला.

"असं काय आभाळ कोसळलं होतं?" केशवरावांचा आवाज फाटला. रागावलेल्या माणसाचा नव्हता तो, मार बसलेल्या माणसाचा होता. "एवढं जिवावर आलं होतं तं मले सांगाचं होतं. बाप हावो नं मी तुहा? मले येऊन सांगाचं होतं!"

"सांगतलं होतं, बाबा," डिंपल म्हणाली. "चारदा."

केशवरावांनी चष्मा काढला, धोतराच्या सोग्याला पुसला, पुन्हा लावला, पुन्हा काढला. डिंपल उभी होती. आता जे होईल ते होऊ दे, मुलताई होऊ दे, मरण होऊ दे, पण हे उत्तर ऐकल्याशिवाय ती हलणार नव्हती.

"हाव," शेवटी ते म्हणाले. "ऐकलं होतं मी."

त्यांनी राजूकडे हात पसरला, त्याच्या फोनवर मुलताईचा नंबर लावून घेतला आणि स्वतः बोलले. नमस्कार, रामराम, तब्येत बरी आहे. परवा येऊ नका. नाही, पत्रिकेचं काही नाही. देण्याघेण्याचंही नाही. पोरीचं मन नाही. हो, आधीच सांगायला पाहिजे होतं. चूक माझी. त्यांनी फोन ठेवला. डिंपल उंबऱ्यावर बसली. तिला वाटलं होतं की या क्षणी आनंद होईल. तिला एकशे आठ झाडं दिसत होती.

"बाबा, बहाराचं..." ती म्हणाली.

"पानी आता चालू हाय का बंद?"

"बंद. फोटो झाल्यावर बंद केलं."

"मंग उठ," केशवराव म्हणाले. त्यांनी चपला पायांत सरकवल्या आणि अंगणात उभ्या असलेल्या तिच्या स्कूटीजवळ जाऊन थांबले. "अकराले लाइन येते. एक डाव दाखवून मग पानी तोडलं तं झाड वाचत नाही."